आजीची नथ आणि जिलेटिनची काच

परवा आजीचा एक जुना फोटो मोठा करून फ्रेम करावा म्हटलं. मूळ अल्बम पावसात भिजून केव्हाच गेला. माझ्याकडे उरली होती ती फोनवरून आलेली छोटीशी प्रत. झूम केलं तर नथीच्या जागी चार चौकोन! ऑफिसात बॅकअपवर लेक्चर झोडणारा मी, गप्प बसलो.

नेमकं त्याच आठवड्यात कोलोटाइप या जुन्या छपाईबद्दल वाचत होतो. तिचं मूळ तत्त्व फ्रान्सच्या आल्फोन्स प्वातव्हँचं, १८५५ सालचं. काचेवर जिलेटिन आणि डायक्रोमेटचा थर द्यायचा, वाळवायचा, वर निगेटिव्ह ठेवून उजेड दाखवायचा. उजेड लागेल तिथे जिलेटिन कडक होतं. मग काच भिजवली की मऊ भाग पाणी पितो आणि तेलकट शाईला दूर ठेवतो, कडक भाग शाई धरतो. मधल्या छटा त्या-त्या प्रमाणात. पेपरातल्या फोटोत भिंगाखाली दिसतात तसे ठिपके इथे नाहीतच.

तोटे? भरपूर. काम हळू, दमट हवेचा त्रास, एका काचेवरून फार तर हजार-दोन हजार प्रती. आपल्या भाषेत, स्केल होत नाही. ऑफसेटने तिला मागे टाकलं यात नवल नाही.

पण जपानमधली गोष्ट ऐका. क्योतोच्या बेनरिदो या छापखान्याने १९३५ मध्ये होर्यूजी मंदिरातल्या प्राचीन भित्तिचित्रांचे मूळ आकारातले फोटो घेतले. १९४९ च्या आगीत ती चित्रं जळाली. १९६७-६८ मध्ये ती पुन्हा रंगवली, तेव्हा चित्रकारांनी आधाराला घेतल्या त्या याच फोटोंच्या कोलोटाइप प्रती.

माझं म्हणणं एवढंच, की प्रत काढणं हे दुय्यम काम नाही. मूळ गेल्यावर प्रत हेच मूळ होतं, आणि तिच्यात जे उतरलं नाही ते कायमचं गेलं. हल्ली एआयवाली अ‍ॅप्स फोटो ‘सुधारून’ देतात. मीही करून पाहिलं. नथ झकास आली, पण ती आजीची नव्हती.

पुढच्या शनिवारी मामाकडे जातोय, स्कॅनर घेऊन. त्याच्या कपाटात अजून दोन अल्बम आहेत. तुमच्याकडचे कुठे आहेत, बघितलंय का एकदा?