शिर बदलतें, घोडा तोच

राजाची तसबीर पाहिली म्हणजे राजाच पाहिला, अशी समजूत लोकांत फार दिवसांची आहे. परंतु तें दर्शन कोण व कशासाठीं घडवितो, याचा विचार थोडेच करितात. तैलचित्र दरबाराच्या भिंतीवर राहतें. तें पाहण्याचा मान मूठभर मानकऱ्यांस. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलें चित्र मात्र शाई लावून शेंकडों कागदांवर उमटवितां येतें व दुकानांतून विकलें जातें. यास्तव प्रजेच्या मनांतला राजा हा पुष्कळ अंशीं कोरणाऱ्या कारागिराच्या हातचा असतो.

हें सामर्थ्य इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीच्या दरबारानें पुरतें ओळखिलें होतें. मान्य नमुना तयार होईपर्यंत राणीची तसबीर कोणीं काढूं नये, अशा जाहीरनाम्याचा मसुदा १५६३ सालीं झाला. पुढें १५९६ सालीं, राणीनें साठी ओलांडिली असतां, तिला न शोभणाऱ्या तसबिरी नष्ट करण्याचा हुकूम प्रिव्ही कौन्सिलनें सोडिला. राणी वृद्ध होत होती. तिच्या चित्रांस मात्र ती मुभा नव्हती!

याहून बोलका दाखला पिएर लोंबार या फ्रेंच कारागिराचा. व्हॅन डाइकनें १६३३ सालीं पहिल्या चार्ल्स राजाचें अश्वारूढ चित्र रंगविलें. १६४९ सालीं राजाचा शिरच्छेद झाला. त्यानंतर लोंबारनें त्याच चित्राच्या धर्तीवर पत्रा कोरला; घोडा राजाचा, ऐट राजाची, शिर मात्र राजाचा वैरी क्रॉमवेल याचें! त्याच पत्र्यावर पुढें घासून-कोरून फ्रान्सच्या चौदाव्या लुईचें व खुद्द चार्ल्सचेंही शिर बसविण्यांत आलें. जी ऐट तिघांसही सारखीच शोभते, ती त्यांपैकीं एकाच्याही गुणांची साक्ष कशी होणार? १६२९ पासून अकरा वर्षें चार्ल्सनें पार्लमेंट न बोलावितां राज्य केलें व तिच्या संमतीवांचून पैसा वसूल केला, हें त्या घोड्यावरून कोणास कळणार?

कारागिराच्या कौशल्याविषयीं आम्हांस आदरच आहे. आमचा आक्षेप पाहणाराच्या भोळेपणावर आहे. आज तांब्याच्या पत्र्याची जागा रस्त्यावरील फलकांनीं व हातांतील पडद्यांनीं घेतली, तरी युक्ति जुनीच आहे. आमचे व्यापारी बंधु गोणीवरील छाप पाहून सौदा करीत नाहींत; मूठभर धान्य हातावर घेऊन पाहतात. सत्ताधाऱ्यांच्या बाबतींतही हीच रीत ठेवावी. कर किती घेतला, तो कशावर खर्चिला, गरिबास न्याय मिळाला कीं नाहीं, हें आधीं विचारावें. तसबिरीस चौकट मागाहून करावी.