वाराचा गुणक कोण सांगणार?

व्यापारी बांधवांनो, कापडाच्या धंद्यात आमचे केस पांढरे झाले. मापात कसूर नको, ही शिकवण घरातूनच मिळाली. मात्र आता घोटाळा गजापेक्षा संगणकात जास्त होतो.

आमच्या अमरावतीच्या दुकानासाठी घरातल्याच एका मुलाने मोबाईलवर स्विफ्ट भाषेत मालाचा हिशेब बसवला. जुन्या सवयीने आम्ही वहीत काही माल अजून वारात टिपतो. वहीतले १०० वार मोबाईलवर चढवले, तर १०९.३६ मीटर दिसले! १ वार म्हणजे ०.९१४४ मीटर, हवे होते ९१.४४. दर १०० वारांमागे जवळपास १८ मीटर कापड नुसतेच वाढले. त्या भरवशावर गिऱ्हाइकाला शब्द दिला असता, तर पत गेली असती.

चूक एका आकड्याची होती. स्विफ्टमध्ये लांबीचे मूळ माप मीटर, वजनाचे किलो. नवे माप जोडताना त्यात मूळ मापे किती, तो गुणक द्यायचा असतो. मुलाने उलटा दिला, १ मीटरमध्ये वार किती तो. खरे तर वार, म्हणजे यार्ड, त्या भाषेत आधीच तयार आहे.

क्विंटल, खंडी, गाठ मात्र तयार नाहीत. अकोल्याच्या रुई व्यापाऱ्यांनी इथे जपावे. खंडी ३५५.६२ किलोंची, तोंडी आपण ३५६ म्हणतो. १०० खंडींत ३८ किलोंचा फरक पडतो. रुईची गाठ १७० किलोंची धरतात, पण कापडाच्या गाठीला ठरलेले मापच नाही. ताग्याचेही तेच. त्यांना गुणक देऊ नये. नग मोजावेत आणि प्रत्येकातले मीटर वेगळे लिहावेत.

मीटरमध्ये किलो मिळवू गेलो तर स्विफ्ट जागीच अडवते. पण गुणक चुकला, तर ती मुकाट्याने चुकीचाच हिशेब करते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच : काम सोपवण्याआधी आपली सगळी मापे एका कागदावर स्वतः लिहून द्यावीत. १०० वारांचे मीटर आणि परत वार करून ताळा घ्यावा. आकडा पूर्ण करायचा तो शेवटी, बिलावर. आणि बिल २००९ च्या वैध मापन कायद्याप्रमाणे मीटर-किलोतच. मुले हुशार आहेत, पण बाजारातली मापे त्यांना आपणच सांगायला हवीत.