दोष रक्ताचा नव्हे, धुराचा

मनुष्याची जीभ खोटे बोलेल, पण रक्त खोटे बोलणार नाही, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. साक्षीदार कितीही सत्यवचनी असला तरी न्यायाधीश पूर्वग्रहदूषित असेल, तर खऱ्या साक्षीवरूनही खोटा निकाल लागतो. तंबाखूच्या धुराविषयी अमेरिकेत गेली तीन-चार दशके जे संशोधन झाले, त्याचा अर्थ लावताना नेमका हाच धोका आहे.

तंबाखूतील निकोटिन शरीरात शिरले की यकृत त्याचे कोटिनिन नावाच्या द्रव्यात रूपांतर करते. निकोटिन दोनएक तासांत निम्मे होते. कोटिनिन निम्मे होण्यास सोळा ते वीस तास लागतात. म्हणून अंगात धूर किती गेला हे पाहावयाचे, तर शास्त्रज्ञ कोटिनिन मोजतात. १९८८ ते १९९१ या काळातील अमेरिकन आरोग्य पाहणीत असे दिसून आले की, सारख्याच सिगारेटी ओढणाऱ्यांमध्ये गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीयांच्या रक्तात कोटिनिन अधिक असते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्याची दोन कारणे दाखविली. त्यांच्या शरीरातून कोटिनिनचा निचरा सावकाश होतो आणि दर सिगारेटमागे ते सुमारे ३० टक्के अधिक निकोटिन घेतात. पुढे चिनी वंशाच्या अमेरिकनांत निचरा सावकाश, पण दर सिगारेटमागे सेवन मात्र कमी, असे आढळले.

येथवर विज्ञान निर्दोष आहे, आणि वैद्यांनी ते ध्यानात घेतलेच पाहिजे. निकोटिनचा निचरा करणाऱ्या विकराचा वेग माणसामाणसांत निराळा असतो. कातडीच्या रंगावर त्याचा शिक्का मारलेला नसतो. परंतु ‘हा वंशाचाच गुण, त्यास सरकार काय करणार?’ असे कोणी म्हणू लागला, की विज्ञान संपते आणि सबब सुरू होते.

या सबबीला उत्तर देतात ती सिगारेटला न शिवलेली माणसे. २०११-१२ च्या पाहणीत धूम्रपान न करणाऱ्या अमेरिकनांपैकी सुमारे २५ टक्क्यांच्या रक्तात परक्याच्या धुराची खूण सापडली. कृष्णवर्णीयांत हे प्रमाण ४७ टक्के होते. तीन ते अकरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांत ६८ टक्के! या बालकांनी कोणती सिगारेट ओढली होती? त्याच पाहणीत भाड्याच्या घरात राहणाऱ्यांपैकी ३७ टक्के, तर स्वतःच्या घरात राहणाऱ्यांपैकी १९ टक्के धुराच्या तडाख्यात सापडले. विकराचा वेग निचऱ्याचा काळ लांबवील. पण शेजारच्या बिऱ्हाडातील धूर भिंतीच्या फटींतून आत आणण्याचे काम विकर करीत नाही. ते काम घरांची रचना आणि दारिद्र्य करते.

बाजारही यात निर्दोष नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय धूम्रपान करणाऱ्यांपैकी पाचांत चारांहून अधिक लोक घशाला गारवा देणाऱ्या मेंथॉलच्या सिगारेटी ओढतात. २००९ च्या कायद्याने इतर स्वादांच्या सिगारेटी बंद केल्या, पण मेंथॉलला वगळले. २०२२ मध्ये ती बंद करण्याचा प्रस्ताव आला. जानेवारी २०२५ मध्ये तो मागे घेण्यात आला. हा निर्णय रक्ताने घेतला नाही, राज्यकर्त्यांनी घेतला. मनात आणले तर तेच राज्यकर्ते काय करू शकतात, हेही दिसले आहे : सरकारी मालकीच्या घरांत २०१८ पासून धूम्रपानास बंदी आहे.

जन्मावर दोष ढकलून व्यवस्थेला मोकळे सोडण्याची युक्ती या देशाला नवी नाही. जातीच्या नावाने ती आपण शतकानुशतके वापरली. म्हणूनच अमेरिकेचे हे आकडे आपण परकेपणाने वाचू नयेत. आपल्याकडे २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई आहे; पण भिंतीला भिंत लागलेल्या आपल्या इमारतींत बिऱ्हाडाचे दार लागले की ही मनाई बाहेरच राहते, आणि धूर मात्र आत जातो.

रक्ताची साक्ष जरूर घ्यावी. परंतु आरोपीच्या पिंजऱ्यात कोणाला उभे करावयाचे, हे तिने ठरविलेले नसते. ते आपण ठरवितो. तेथे मुलाचा वंश उभा करावयाचा, की त्याच्या खोलीत धूर येऊ देणारी व्यवस्था, एवढाच प्रश्न आहे. आणि आमच्या मते त्याचे उत्तर एकच असू शकते.