खोली तीनशे फुटांची, खिडकी आल्प्सची

आल्प्स म्हटलं की आपल्या डोक्यात एक रेडिमेड पोस्टर असतं. उतरत्या छपराचं लाकडी घर, खिडकीत लाल फुलं, आत शेकोटी, बाहेर बर्फ आणि त्या बर्फात शिफॉनची साडी नेसून गाणारी हिरॉइन. (थंडी तिला वाजत नाही, आपल्याला वाजते!) यश चोप्रांनी एका अख्ख्या पिढीला हे पोस्टर फुकट वाटलं. त्यामुळे फ्रान्समधल्या लेझ आर्क या स्की रिसॉर्टवर आठवड्याभरासाठी फ्लॅट घेतला आणि समोर काँक्रीट-लाकडाची लांबच लांब बिल्डिंग आणि ओळीने बाल्कन्याच बाल्कन्या आल्या, तेव्हा आमच्यातल्या एकाची पहिली रिअ‍ॅक्शन होती, "हे काय, सरकारी क्वार्टर्स?"

आम्ही चौघं होतो. मी, लियाँमध्ये नोकरी करणारी माझी मैत्रीण, तिचा नवरा आणि तिचा दीर. फ्लॅट म्हणाल तर २७ चौरस मीटरचा स्टुडिओ. आपल्या भाषेत तीनशे स्क्वेअर फुटांना थोडासा कमी. म्हणजे वन रूम किचनच! त्यात चार माणसं, चार जाडजूड जॅकेट्स, आठ ओले हातमोजे आणि सात दिवस. भांडणं होणार हे गृहीत धरूनच गेलो होतो. झालं उलटंच. आजवर ज्या-ज्या घरांत राहिले त्यातलं सगळ्यात विचार करून बांधलेलं घर मला तिथे भेटलं. आणि सध्या माझ्या आजूबाजूचे सगळेच फ्लॅट बुक करत सुटले असताना ही गोष्ट तुम्हाला सांगितलीच पाहिजे असं वाटलं.

आधी थोडा भूगोल. लेझ आर्क आहे फ्रान्सच्या साव्वा भागात, तारांतेझच्या खोऱ्यात. खाली बूर-सँ-मोरिस नावाचं गाव. तिथवर थेट रेल्वे जाते. स्टेशनच्या शेजारून एक फ्युनिक्युलर, म्हणजे डोंगर चढणारी केबलवर ओढली जाणारी गाडी, १९८९ पासून आहे. ती सात मिनिटांत तुम्हाला १६०० मीटरवर नेऊन सोडते. तिथून पुढे बस. वर एकच रिसॉर्ट नाहीये, वस्त्या आहेत आणि त्यांची नावं म्हणजे त्यांची उंची! आर्क १६०० सुरू झालं १९६८ मध्ये, आर्क १८०० झालं १९७४ मध्ये, आर्क २००० झालं १९७९ मध्ये. आर्क १९५० हे धाकटं भावंड २००३ चं. आम्ही होतो १८०० ला. मोटारी वस्तीच्या कडेलाच ठेवायच्या, आत चालायचं. हॉर्न नाही, पार्किंगची मारामारी नाही. पहिल्या रात्री तर शांततेनेच झोप येईना.

आता प्रश्न असा, की एवढ्या उंचीवर एवढ्या मोठ्या बिल्डिंगा बांधल्या कशाला? याचं उत्तर मला फार आवडलं. ते आहे पगारी रजा! फ्रान्समध्ये नोकरदारांना १९३६ मध्ये कायद्याने वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. १९५६ मध्ये तिसरा आठवडा वाढला, १९६९ मध्ये चौथा. दोन आठवड्यांत समुद्र उरकायचा, पण चार आठवडे असतील तर हिवाळ्यात डोंगरही जमतो. तोवर स्कीइंग हा श्रीमंतांचा शौक होता. १९६४ पासून फ्रेंच सरकारने 'प्लाँ नेज', म्हणजे चक्क 'बर्फ योजना' राबवली आणि उंचावर, मोकळ्या डोंगरावर नवी स्की-गावं उभी केली. लेझ आर्क त्यातलंच एक. त्यामागे दोन माणसं होती. एक रोजे गोदिनो हे डेव्हलपर आणि दुसरे रोबेर ब्लाँ, इथल्याच डोंगरात वाढलेले गाइड. ब्लाँ पुढे १९८० मध्ये याच डोंगरात हिमस्खलनात गेले.

पण या गोष्टीची हिरॉइन तिसरीच आहे. शार्लोत पेरियाँ. जन्म १९०३. चोविसाव्या वर्षी ही मुलगी काम मागायला ल कॉर्बुझिएच्या पॅरिसच्या ऑफिसात गेली, तेव्हा 'आमच्याकडे उशांवर भरतकाम करत नाहीत' अशा अर्थाचं काहीतरी ऐकवून त्याने तिला वाटेला लावलं होतं. त्याच वर्षी, १९२७ मध्ये, एका प्रदर्शनात तिने मांडलेला स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमचा बार त्याने पाहिला आणि निमूटपणे कामावर घेतलं. मासिकांत दिसणारी ती पाय वर करून पहुडायची प्रसिद्ध खुर्ची आठवतेय? त्या खुर्चीमागे ल कॉर्बुझिए आणि त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे यांच्याबरोबर पेरियाँबाईही आहेत. जानरे म्हणजे तेच, जे पुढे चंदिगड बांधायला आले आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिले.

बाई स्वतः पट्टीच्या गिर्यारोहक. १९३० च्या दशकात त्यांनी डोंगरावर पाठीवरून वाहून नेता येतील अशा सुट्या भागांच्या छोट्या निवाऱ्यांवर काम केलं. १९४० मध्ये जपानला गेल्या. सरकती दारं, जमिनीलगतची बैठक, रिकाम्या जागेचा मान हे सगळं तिथे जवळून पाहिलं. म्हणजे लेझ आर्कचं काम १९६७ मध्ये सुरू झालं तेव्हा साठी ओलांडलेल्या या बाईंकडे 'कमी जागेत माणूस कसा नीट राहील' या एकाच विषयाचा चाळीस वर्षांचा अभ्यास होता. आर्किटेक्टांची टीम मोठी होती, पण पुढची वीसेक वर्षं त्या या कामात होत्या.

त्यांचा फंडा सिंपल होता. डोंगर मोठा, घर छोटं. तुम्ही इथे सोफ्यावर लोळायला आलेला नाही, डोंगर बघायला आलायत. मग खोलीची एक अख्खी बाजू काचेची. बाकीचं सगळं त्या काचेच्या सेवेला. आमच्या खिडकीतून समोर माँ ब्लाँ दिसायचा. टीव्ही लावायची आठवणही कुणाला झाली नाही.

आता खोलीत शिरू या. दारातून आत आलं की छोटा पॅसेज. ओलं सामान इथेच अडतं, बूट आणि स्की खालच्या लॉकरमध्ये. मग बाथरूम. हा प्रकार झक्कास! आर्क १८०० मध्ये पेरियाँबाईंनी बाथरूम कारखान्यातच ओतून घेतली. होड्या बनवतात तसल्या पॉलिएस्टरच्या साच्यात. बेसिन, टब, भिंत सगळं सलग. ट्रकने आणायची आणि क्रेनने उचलून जागेवर बसवायची. कारण इथे बर्फ नसतो ते मोजके महिनेच बांधकामाला मिळतात, टाइल्स लावत बसायला वेळ कुणाला? पण फायदा आपल्याला. कोपरे गोल, सांधा नाही, काळी बुरशी नाही. पुसायला दोन मिनिटं. (घरी टाइल्सच्या फटी टूथब्रशने घासणाऱ्या तमाम भगिनींनी इथे एक मिनिट शांतता पाळावी.)

मग मुख्य खोली. भिंतीला लागून लाकडी बैठका, त्यावर गाद्या. दिवसा सोफा, रात्री पलंग. बसकी पाइनवूडची स्टुलं. बसायला घ्या, चहा ठेवायला घ्या, पाय ठेवायला घ्या. शोकेस नाही, फॉल्स सीलिंग नाही, 'फीचर वॉल' नाही. एकही वस्तू अशी नाही जी फक्त बघण्यासाठी आहे. बघायला डोंगर आहे ना!

आणि आता किचन. ज्यासाठी खरं तर मी हा कॉलम लिहितेय.

किचनला भिंत नाही. खोलीतच, एका काउंटरपलीकडे दोन पावलांचा ओटा. आता आपण याला 'ओपन किचन' म्हणतो आणि बिल्डर त्याचे वेगळे पैसे लावतो. पेरियाँबाईंनी हे मार्सेयच्या ल कॉर्बुझिएच्या प्रसिद्ध इमारतीसाठी केलं, ती इमारत पूर्ण झाली १९५२ मध्ये! कारण फॅशनचं नव्हतं. स्वयंपाक करणारं माणूस, म्हणजे त्या काळात बाईच, गप्पांतून बाहेर पडू नये म्हणून. सुट्टीला चौघं आली तर सुट्टी चौघांची असली पाहिजे, तिघांची आणि एका आचाऱ्याची नाही.

दुसऱ्या संध्याकाळी मैत्रिणीने खिचडी टाकली. काउंटरच्या अलीकडून दीर म्हणाला, "वहिनी, मी कांदा चिरतो." नवरा पापड भाजायला उठला. कुणी कुणाला मदत करायला सांगितलं नव्हतं. ती समोर दिसत होती, बस्स. नजरेसमोर कुणी एकटं राबत असेल तर पत्त्यांचा डाव टाकून बसणं जरा जड जातं.

मला आमचं घर आठवलं. आमच्याकडे स्वयंपाकघर म्हणजे मागची खोली. पाहुणे आले की हॉलमध्ये हशा पिकायचा आणि आतून आईचा आवाज यायचा, "काय झालं रे? मला पण सांगा!" कुणीतरी जाऊन जोक परत सांगायचं. परत सांगितलेला जोक कधी हसवतो का? आई तरी हसायची. माझ्या आईने आयुष्यातले किती जोक असे शिळे ऐकले असतील, हा हिशेब मी कधी केलाच नव्हता. यात वाईट कुणीच नव्हतं. बाबा नाहीत, पाहुणे नाहीत. मध्ये एक भिंत होती आणि ती तिथे का आहे, हे कुणी विचारलं नव्हतं. पेरियाँबाईंनी विचारलं.

आता सगळंच गोडगोड लिहिलं तर तुम्ही म्हणाल, हिला फुकटात राहायला मिळालं का! तसं नाही, चौघांत कॉन्ट्री काढली होती. आणि या स्वप्नाला भेगाही आहेत. लेझ आर्कची कल्पनाच मुळी हजारो लोकांनी एकत्र सुट्टी घालवायची अशी होती. पण एवढं मोठं गाव डोंगरावर ठेवलं की डोंगर तो डोंगर राहत नाही. ही टीका फ्रान्समध्ये तेव्हाच सुरू झाली. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांनी पर्वत वाचवण्याची भाषा केली आणि त्या 'बर्फ योजने'चा जोर संपला. दुसरं दुखणं म्हणजे फ्रेंच लोक ज्याला 'थंड पलंग' म्हणतात ते. सुट्टीसाठी घेतलेले फ्लॅट वर्षाचे बरेचसे आठवडे कुलूपबंद. ओळखीचं वाटतंय ना? तिसरं, खुद्द बर्फ. लेझ आर्कची शिखरं उंच आहेत, वरची एग्वी रूझ ३२२६ मीटर, म्हणून निभावतं. पण आल्प्समधली कमी उंचीवरची काही स्की-गावं बर्फाअभावी बंद पडली आहेत.

आणि सगळ्यात मोठी गंमत. ज्या बाईने साधं, स्वस्त, सगळ्यांना परवडेल असं करायचा ध्यास घेतला, तिचं सामान आता लिलावात कलेक्टर लोक घेतात. चंदिगडच्या ऑफिसांतून भंगारात निघालेल्या जानरेच्या खुर्च्यांचं झालं तेच. पेरियाँबाई १९९९ मध्ये गेल्या. २०१९ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचं भव्य प्रदर्शन भरलं. मला विचाराल तर त्यांचं खरं म्युझियम हे भाड्याने मिळणारे फ्लॅटच. तिथे स्टुलावर बसता येतं, कुणी 'डोण्ट टच' म्हणत नाही.

जायचं असेल तर थोडं कामाचं. फ्रान्समधले असे फ्लॅट बहुतेक शनिवार ते शनिवार मिळतात. फ्रेंच शाळांच्या फेब्रुवारी-मार्चच्या सुट्ट्या टाळा, भाडी दुप्पट वाटतात. चादरी-टॉवेल आणि शेवटची साफसफाई भाड्यात आहे का, ते आधी विचारा, नाहीतर निघताना झाडू तुमच्याच हातात. स्कीइंगचा पास वेगळा. स्की येत नसेल तरी बिनधास्त जा, आर्क १६०० ला जाऊन 'ला कास्काद' आणि 'व्हर्साँ स्यूद' या बिल्डिंगा बघा. डोंगराच्या उतारावर अंग टाकून बसल्यासारख्या आहेत, आणि प्रत्येक बाल्कनीला स्वतःचं ऊन.

आणि आल्प्स या वर्षी जमणार नसेल, पण सॅम्पल फ्लॅट बघायला जाणार असाल तर? तिथे सेल्सवाला तुम्हाला झुंबर दाखवेल, इटालियन मार्बल दाखवेल, क्लब हाऊसचा फोटो दाखवेल. दाखवू दे. तुम्ही सरळ ओट्यापाशी जा. तिथे उभं राहा, पोळ्या लाटताना उभं राहतो तसं. आणि बघा, तिथून घरातलं कोण-कोण दिसतंय. कुणीच दिसत नसेल, तर वीस वर्षांचा ईएमआय सुरू करण्याआधी त्या भिंतीबद्दल एक प्रश्न नक्की विचारा.