खानदान, जनुके आणि रिश्त्याचा बायोडाटा

कांद्याच्या एका पेशीत माणसाच्या पेशीच्या सुमारे पाचपट डीएनए असतो. चपातीच्या गव्हात एक लाखाहून जास्त जनुके आहेत, माणसात प्रथिने बनवणारी जनुके जेमतेम २०,०००. मातीतल्या मिलिमीटरभर लांबीच्या एका जंतातही साधारण तेवढीच. 'अशरफुल मखलूकात' हा शब्द लहानपणापासून ऐकलेल्या आपल्याला हे आकडे जरा खटकतात. पण कोड लिहिणाऱ्या कुणालाही विचारा, ओळी मोजून प्रोग्राम चांगला की वाईट ते ठरत नाही. कोणते जनुक कोणत्या पेशीत, कधी आणि किती वेळ चालू राहते, यावर बरेच काही ठरते.

चिंपांझीचा जीनोम २००५ साली प्रसिद्ध झाला. दोघांच्या जुळणाऱ्या भागांची अक्षरनिहाय तुलना केली तर फरक १.२ टक्क्यांच्या आसपास येतो. मध्येच गळालेले किंवा घुसलेले तुकडे धरले की तो वाढतो, म्हणून 'आपण ९८.८ टक्के चिंपांझी' हे फॉरवर्ड होणारे वाक्य अर्धेच खरे. त्याची गुणसूत्रे ४८, आपली ४६. आपले दोन क्रमांकाचे गुणसूत्र दोन जुनी गुणसूत्रे टोकाला टोक जोडून तयार झाले आहे आणि तो सांधा आजही ओळखता येतो. उत्क्रांतीचे नाव काढताच ज्यांच्या कपाळावर आठ्या पडतात, त्यांनी निदान हा सांधा तरी समजून घ्यावा.

खरी गंमत यापुढे आहे. आफ्रिकेच्या जंगलांत उरलेल्या मोजक्या चिंपांझींमध्ये जेवढी जनुकीय विविधता आहे, तेवढी जगभरच्या ८०० कोटी माणसांत नाही. कुठल्याही दोन माणसांच्या डीएनएत हजार अक्षरांमागे साधारण एकाचा फरक. रिचर्ड लेवॉन्टिन या शास्त्रज्ञाने १९७२ मध्ये हिशोब मांडला की माणसांमधली सुमारे ८५ टक्के विविधता एकाच लोकसमूहाच्या आत असते. खंड आणि वंश यांच्या वाट्याला फार थोडी येते.

आता हे सगळे आपल्या घरातल्या बायोडाटाशेजारी ठेवून बघा. शिक्षण, पगार, उंची, रंग आणि मग बिरादरी: सय्यद, शेख, पठाण, अन्सारी, कुरेशी, बागवान, पिंजारी. माणसाला ओळखीसाठी कबिल्यांत विभागले आणि इज्जत तक्व्यावर ठेवली, हा सूरह हुजुरातचा आशय आपण जुम्याच्या बयानात मान डोलावत ऐकतो. संध्याकाळी रिश्त्याची बोलणी सुरू झाली की 'हमारे में नहीं चलता'.

शजऱ्याचा आदर करायला हरकत नाही. पण थोडे गणित करा. वीस पिढ्या मागे गेलात की वंशवृक्षात दहा लाखांहून जास्त जागा होतात, तीस पिढ्यांत शंभर कोटींहून जास्त. अर्थातच त्यातली पुष्कळ माणसे पुन्हा पुन्हा येतात. शजरा या गर्दीतली एक ओळ दाखवतो. २०१० मध्ये भारतीय उपखंडातल्या सय्यदांच्या वाय गुणसूत्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अरब अंश इतरांपेक्षा जास्त सापडला, पण नजीकच्या काळातला एकच समान पूर्वज सापडला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात दिसले की भारतीय मुसलमान जनुकांनी बहुतांशी आपल्या आसपासच्या लोकांसारखेच आहेत, बाहेरचा अंश थोडा आहे. 'बाबर की औलाद' म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा. फक्त नागरिकत्वाचा दावा त्यावर उभा करू नका. उद्या कुणाच्या रक्तात अर्धा अरबस्तान निघाला तरी त्याचा इथला हक्क तसूभर कमी होत नाही.

बिरादरीचा मोठेपणा जनुकांत सापडत नाही, पण बिरादरीच्या कुंपणाचे परिणाम मात्र सापडतात. भारतातले लोकसमूह सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकांत भरपूर मिसळले आणि पुढे रोटीबेटीच्या भिंती उभ्या राहिल्या, असे २०१३ च्या एका संशोधनात दिसले. धर्म बदलला तरी भिंत बऱ्याच ठिकाणी तशीच राहिली. पिढ्यानपिढ्या आतल्या आत लग्ने झाली की एकच सदोष जनुक दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते.

थॅलेसेमिया घ्या. वाहक व्यक्ती स्वतः आजारी नसते, बहुतेकांना पत्ताही नसतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता २५ टक्के. मग दर काही आठवड्यांनी रक्त चढवणे, तेही जन्मभर. सख्ख्या चुलत-मामेभावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुके समान असतात, म्हणून त्यांच्या लग्नात हा धोका वाढतो. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या अभ्यासात जन्मजात दोषाचे प्रमाण अशा जोडप्यांच्या बाळांत सुमारे ६ टक्के, तर नात्याबाहेरच्या लग्नांत ३ टक्के आढळले. म्हणजे दुप्पट, तरीही शंभरातली ९४ बाळे या दोषांपासून मुक्त. त्यामुळे खालाच्या मुलीशी लग्न केलेल्या जोडप्याला घाबरवण्याचे कारण नाही आणि टोमणे मारणाऱ्यांना सांगावे, मामाची मुलगी करण्याची रीत महाराष्ट्रातल्या कितीतरी हिंदू घरांतही आहे. शरियतने या नात्याला परवानगी दिली आहे, सक्ती केलेली नाही.

निकाहाची तारीख काढण्याआधी दोघांनी सीबीसी आणि एचबीए२ या रक्ततपासण्या करून घ्याव्यात. हॉलच्या ॲडव्हान्सपेक्षा त्यांचा खर्च कितीतरी कमी आहे. एकच जण वाहक निघाला तर या आजारापुरती लग्नाला कसलीच आडकाठी नाही. दोघेही निघाले तर आधी डॉक्टरांशी बोला, गर्भावस्थेतही तपासणीची सोय असते. जमातीच्या सामुदायिक निकाहाच्या फॉर्मवर आधार क्रमांकाखाली या रिपोर्टसाठी एक रकाना सहज मावेल. आणि तो रिपोर्ट फक्त मुलीकडून मागू नका.