पहिली उचल आणि पाचवी उचल

नंदुरबार जिल्ह्यातल्या रनाळ्यात माझ्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये संध्याकाळी दहा-बारा पोरं वजन उचलायला येतात. बहुतेकांचं लक्ष पोलीस भरतीकडे असतं. सोळाशे मीटर धावायचं, ७.२६ किलोचा गोळा फेकायचा, तर पाय आणि पाठ तयार हवी, म्हणून डेडलिफ्ट. जमिनीवरचा रॉड दोन्ही हातांनी धरायचा आणि सरळ उभं राहायचं, एवढाच हा व्यायाम. तरी प्रत्येक पोरगा रॉड खाली ठेवल्याबरोबर एकच प्रश्न विचारतो, "काका, पाठ सरळ होती ना?"

या प्रश्नाचं उत्तर आज मी जरा सविस्तर देतो, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना पोरं अडकलेली मला रोज दिसतात. एक पोरगा मित्र मोबाइल धरून उभे आहेत म्हणून प्लेटवर प्लेट चढवतो आणि कमान झालेल्या पाठीने रॉड हिसकतो. दुसऱ्याने इतके व्हिडिओ पाहिलेले असतात की पाठीचा एक मणका वाकला तर आपण जन्मभर खाटेवर पडू, असं त्याला वाटतं. असा एक पोरगा आठ महिने चाळीस किलोवरच थांबला होता. पहिल्याला सगळे रागावतात. दुसऱ्याचं नुकसान मात्र कोणाच्या लक्षात येत नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, नंदुरबारच्या बाजारात हमाल होते. हातात आकडा, खांद्यावर बारदानाचा तुकडा आणि दिवसभर थप्पी लावायची. त्यांच्या उमेदीत धान्याचं पोतं शंभर किलोचं असायचं. मी बारा-तेरा वर्षांचा असताना घरातलं ज्वारीचं अर्धं पोतं हलवायला गेलो, तेव्हा त्यांनी अहिराणीत एकच वाक्य सांगितलं होतं : "पोतं पोटले लाव, मंग ऊठ." पाठीबद्दल, गुडघ्यांबद्दल, मान कुठे ठेवायची याबद्दल ते काही बोलले नाहीत.

आबा आणखी एक गोष्ट सांगायचे, ती मला फार वर्षांनी समजली. नंदुरबारचा मिरचीचा बाजार देशातल्या मोठ्या बाजारांत गणला जातो. हंगामात पथारीवर लाल मिरची वाळत पडते, वाऱ्याबरोबर ठसका लागतो आणि सुकी मिरची पोत्यांत भरली जाते. ते पोतं धान्याच्या पोत्याहून पुष्कळ हलकं. तरी आबा म्हणायचे की, गव्हापेक्षा मिरचीच्या दिवसांत कंबर जास्त धरते. कारण पोतं अवाढव्य, हात पुरत नाहीत, ओझं अंगापासून लांब राहतं.

शाळेत शिकवलेल्या तरफेचा नियम हाच. कंबरेवर येणारा ताण वजनाने ठरतो, तसाच कंबरेपासून ओझं किती लांब आहे यानेही ठरतो. पाण्याची भरलेली बादली छातीशी धरा आणि मग हात लांब करून धरा. बादली तीच, पण दुसऱ्या वेळी अंग थरथरतं. जेजुरीला दसऱ्याच्या उत्सवात खंडोबाचा ४२ किलोचा खंडा एका हाताने पेलून धरायची स्पर्धा होते, ती याच कारणाने अवघड. एरवी ४२ किलो आमची पोरं सहज उचलतात. म्हणून माझ्या शेडमध्ये पहिला नियम आबांचा : रॉड नडगीला जवळजवळ चिकटलेला हवा आणि वर येताना मांडीवरून घासत यावा. तो चार बोटं पुढे गेला, तर पाठ कितीही सरळ असो, कंबरेवरचं ओझं वाढलंच.

दुसरी गोष्ट साधनांची. स्पर्धेतली मोठी प्लेट ४५ सेंटिमीटर व्यासाची असते, म्हणून रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. आमच्याकडे, आणि खेड्यापाड्यांतल्या बहुतेक जिममध्ये, दहा-दहा किलोच्या लहान लोखंडी प्लेट असतात. त्या लावल्या की रॉड जवळजवळ पावलांवर येतो. लांब पायांचं पोरगं तिथपर्यंत पोचायलाच पाठ वाकवतं आणि मग त्याला सांगितलं जातं की तुझा फॉर्म खराब आहे. खराब उंची असते. मी बाभळीचे ठोकळे कापून त्यांवर ट्रॅक्टरच्या जुन्या टायरचे तुकडे ठोकले आणि प्लेट त्यांवर ठेवायला लावल्या. ज्यांची पाठ महिनाभर ओरडून सुधारत नव्हती, त्यांतल्या अर्ध्यांची त्याच संध्याकाळी सुधारली.

मग परिपूर्ण फॉर्म नावाची एकच गोष्ट आहे का? माझ्या मते नाही. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत डेडलिफ्टला तीन पंच बसतात. शेवटी गुडघे सरळ झाले का, खांदे मागे गेले का, रॉड मध्येच खाली आला का, तो मांडीवर टेकवला का, हे ते पाहतात. पाठ गोल झाली म्हणून उचल बाद करा, असा नियम नाही. लॅमार गँट या अमेरिकी खेळाडूचा कणा वाकडा होता. त्याला स्कोलिओसिस होता. तरी १९८५ मध्ये सुमारे ६० किलो वजनाच्या या माणसाने ३०० किलो उचलले, म्हणजे स्वतःच्या पाचपट. पुस्तकातल्या चित्राशी त्याची पाठ कधीच जुळली नसती. त्या वाकड्या कण्यालाच त्याने वर्षानुवर्षे थोडं थोडं वजन देऊन तयार केलं होतं.

संशोधनही हेच सुचवतं, पण ते नीट वाचायला हवं. ओझं उचलताना कंबर वाकणं आणि कंबरदुखी यांचा संबंध तपासणाऱ्या अभ्यासांचा २०२० मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. वाकून उचलणाऱ्यांना दुखणं जास्त होतं, असं त्यात सिद्ध झालं नाही. मात्र हाती असलेला पुरावा कमी दर्जाचा आहे, हे संशोधकांनीच नोंदवलं, आणि तो काही जिममधल्या दीडशे किलोचा अभ्यास नव्हता. उलट बाजूला कॅनडातले स्टुअर्ट मॅकगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे प्रयोग आहेत. डुकराच्या मानेचे मणके दाबाखाली हजारो वेळा वाकवले, तेव्हा मधली गादी बाहेर सरकली. पण तो मेलेला मणका होता. त्याला रात्रीची झोप नव्हती, दोन दिवसांची विश्रांती नव्हती आणि झीज भरून काढण्याची ताकद नव्हती. दोन्ही शेजारी ठेवल्यावर मला एवढं कळतं की, एकदा वाकलेल्या पाठीने आयुष्य संपत नाही. पण दबलेली पाठ पुन्हा पुन्हा, थकव्यात, विश्रांतीशिवाय वाकत राहिली तर तिची किंमत मोजावी लागते.

ही किंमत मी मोजली आहे. काही वर्षांपूर्वी रब्बीच्या दिवसांत शेतीला रात्रीची वीज होती. सलग तीन रात्री गव्हाला पाणी भरलं, दिवसा झोप नाही, आणि चौथ्या संध्याकाळी मी दीडशे किलोला हात घातला. त्याआधी माझी मजल एकशेवीसपर्यंतची. पोरांनी व्हिडिओ घेतला होता. तो मी नंतर पन्नास वेळा पाहिला. पाठ सरळ आहे, रॉड अंगाजवळ आहे, दाखवायला ठेवावी अशी उचल आहे. आणि गुडघ्याच्या वर रॉड आल्यावर माझ्या कंबरेत सुरी फिरावी तशी कळ गेली. दहा दिवस मी भिंत धरून चाललो. यापुढे बादलीही उचलू नका, असा सल्ला मला मिळाला. तो मी मानला असता तर शेती विकावी लागली असती. मी आधी चालायला लागलो, मग नुसता वीस किलोचा रॉड, मग दर आठवड्याला थोडं थोडं. पुन्हा एकशेवीस उचलायला चौदा महिने लागले. माझं चुकलं ते फॉर्ममध्ये नाही. तीन रात्रींच्या जागरणात चुकलं, आणि एका उडीत तीस किलो वाढवले तिथे चुकलं. कॅमेऱ्यात यांतलं काहीच येत नाही. (पाय बधिर होत असेल, त्यात जोर राहत नसेल किंवा लघवीवरचा ताबा जात असेल, तर मात्र वाट न बघता डॉक्टर गाठावा. तिथे माझा अनुभव उपयोगाचा नाही.)

म्हणून "पाठ सरळ होती ना?" याऐवजी मी पोरांना दुसरा प्रश्न विचारायला शिकवतो : पाचवी उचल पहिलीसारखी होती का? मोबाइल बाजूला, कंबरेच्या उंचीवर ठेवायचा आणि पाचही उचली घ्यायच्या. पहिलीत तुझी पाठ थोडी गोल असेल तर असू दे, तुझ्या हातापायांची लांबी तशी असेल. पण पाचवीतही ती तेवढीच हवी. पाचवीत कंबर आधी वर आली, रॉड पुढे सरकला, पाठ आणखी वाकली, तर वजन आजच्या तुझ्यासाठी जास्त आहे. काढ पाच किलो. पाचही सारख्या दिसल्या तर पुढच्या आठवड्यात अडीच किलो वाढव. पोटात दम भरून ऊठ, आणि झोप झाली नसेल त्या दिवशी आकड्याचा हट्ट सोड. चाळीसवर अडकलेला तो पोरगा या हिशेबाने वर्षभरात शंभरावर गेला. त्याची पाठ आजही चित्रासारखी नाही, पण पाचही वेळा एकसारखी असते.

इथवर शेडमधलं झालं. मला जास्त काळजी शेडबाहेरच्यांची आहे. डेडलिफ्ट हा शब्द ज्यांनी ऐकलेला नाही, तेच आपल्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त वजन उचलतात. बाजार समितीतले, रेल्वेच्या मालधक्क्यावरचे, खताच्या गोदामातले हमाल. त्यांची कंबर गेली की लोक म्हणतात, उचलायची पद्धत चुकली असेल, गुडघे वाकवायला हवे होते. पद्धत शिकवून कामगारांची कंबरदुखी टळते का, याचा आढावा २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. नुसत्या प्रशिक्षणाने ती टळते, असा पुरावा त्यात सापडला नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही. आबांना पद्धत कोणी शिकवायची गरज नव्हती. जिममधल्या कोणाही शिक्षकाइतकी ती त्यांना येत होती. साठीत ते काठीशिवाय उठू शकत नव्हते, कारण ओझं शंभर किलोचं होतं आणि पोती संपत नव्हती.

दुखापत होईल इतकं वजन कोणाकडून उचलून घेऊ नये, असं १९४८ च्या कारखाना कायद्याचं ३४ वं कलम सांगत होतं. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. अण्णासाहेब पाटील मुंबईत आणि बाबा आढाव पुण्यात आयुष्यभर हमालांसाठी लढले. पोत्याचं वजन पन्नास किलोवर आणा, ही मागणी हमालांच्या चळवळीतूनच आली. ज्यांनी ती लावून धरली, त्यांना पाठीचं शास्त्र कळलं होतं. युरियाची गोणी २०१८ मध्ये पन्नासची पंचेचाळीस किलोची झाली, पण ती खताचा वापर कमी व्हावा म्हणून. एक दिवस एखादी गोणी हमालाच्या कंबरेसाठीही हलकी व्हावी, एवढी माझी इच्छा आहे.

माझ्या पोरांना मी पहिली आणि पाचवी उचल शेजारी ठेवून बघायला सांगतो. हीच कसोटी बाजार समितीच्या आवारात लावा. सकाळचं पहिलं पोतं आणि संध्याकाळचं शेवटचं पोतं, दोन्हींच्या वेळी त्याच हमालाकडे बघा. पहिलं तो पोटाला लावून उठतो. शेवटचं उचलताना त्याचा हात कंबरेवर जातो, पाय फाकतात, पोतं अंगापासून सुटतं. त्या वेळी त्याला गुडघे वाकवायला सांगू नका. शेवटचं पोतंही पहिल्यासारखं उचलता येईल, एवढंच पोत्यात भरा आणि तेवढीच पोती त्याच्या वाट्याला द्या.