शर्यतीनंतरचा सोमवार

माझ्या दवाखान्याला रस्त्यापासून तीन पायऱ्या आहेत. एरवी त्यांची दखल कुणी घेत नाही. वर्षातील एका सोमवारी मात्र चांगली धडधाकट माणसे कठडा धरून, पाठमोरी होऊन त्या पायऱ्या उतरताना दिसतात. बाकावर बसलेल्या एखाद्या आजी काळजीने विचारतात, "काय रे बाबा, पडलास का कुठे?" आणि तो पठ्ठ्या वेदनेतही अभिमानाने हसून म्हणतो, "नाही आजी, काल धावलो."

साताऱ्याची हिल मॅरेथॉन आदल्या दिवशी, रविवारी झालेली असते.

ही शर्यत 2012 साली सुरू झाली. काटेकोर बोलायचे तर ती अर्धमॅरेथॉन होय. पूर्ण मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची, आपली त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे 21.1 किलोमीटरची. पण त्यातील चढ निम्मा नसतो. शहरातून निघालेला रस्ता यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जातो आणि तेथून वळून पुन्हा खाली येतो. पावसाळ्याचे शेवटचे दिवस, अंगावर येणारे धुके, वाटेत ढोल-ताशे आणि टाळ्या वाजवणारी शाळकरी मुले. रिओ ऑलिंपिकच्या अडथळा शर्यतीत अंतिम फेरी गाठणारी ललिता बाबर ज्या जिल्ह्याची, तेथे धावण्याचे कौतुक नवे नाही. नवे आहे ते हे, की आता बँकेतला अधिकारी, शिक्षिका, किराणा दुकानदार आणि नातवंडे असलेल्या आजीही बूट बांधून पहाटे बाहेर पडतात. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या लिहिण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या डॉक्टरला याहून आनंदाची गोष्ट कोणती असणार?

म्हणूनच त्या सोमवारी दवाखान्यात ऐकलेले अनुभव आज वाचकांपुढे ठेवतो. त्यातील एक अनुभव माझ्या चुकीचाही आहे.

पहिला अनुभव पायऱ्यांचाच. एका माध्यमिक शिक्षिकेने मला विचारले, "डॉक्टर, चढताना जीव गेला हे समजू शकते, पण दुखतात त्या मांड्या उतरताना का?" प्रश्न मार्मिक होता. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलतो, म्हणजे ब्रेकचे काम करतो. अशा कामात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. त्यामुळे दुखणे दुसऱ्या दिवशी वाढते, दोन-तीन दिवस टिकते आणि आपोआप ओसरते. यावर औषध म्हणजे सावकाश चालणे, पुरेशी झोप आणि धीर. पुढच्या वर्षीसाठी उपाय एकच: सरावात चढाइतकाच उतारही धावावा. बहुतेक जण घाट चढण्याचा सराव करतात आणि खाली दुचाकीवर बसून येतात!

दुसरा अनुभव गंभीर आहे. पन्नाशीच्या आतील, सडपातळ बांध्याच्या एक गृहिणी प्रथमच धावल्या. घरच्यांनी बजावले होते, "पाणी पीत राहा." त्या आज्ञाधारकपणे पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी थांबून दोन-दोन पेले प्यायल्या. तीन तासांहून अधिक वेळाने शर्यत पूर्ण केली, पदक गळ्यात पडले. पण दुपारी डोके ठणकू लागले, उलट्या सुरू झाल्या, बोटांतील अंगठी घट्ट झाली. 'उन्हाचा त्रास असेल' असे समजून घरच्यांनी आणखी पाणी पाजले. संध्याकाळी त्या थोड्या असंबद्ध बोलू लागल्या, तेव्हा मला फोन आला. त्यांना तातडीने रुग्णालयात हलवले. रक्तातील सोडियम बरेच खाली गेले होते.

शरीराला पाणी कमी पडले तर अपाय होतो, हे सर्वांना ठाऊक आहे. जास्त झाले तरी होतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. दीर्घ श्रमात मूत्रपिंडे पाणी बाहेर टाकण्याचे काम मंदावतात. अशा वेळी तहानेपलीकडे प्यालेले पाणी रक्तात साठते, सोडियम पातळ होते आणि मेंदूला सूज येऊ शकते. 2002 साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचे रक्त तपासले गेले, तेव्हा त्यांतील 13 टक्के जणांचे सोडियम कमी आढळले. ज्यांचे वजन शर्यतीत घटण्याऐवजी वाढले आणि ज्यांना अंतर पार करायला चार तासांहून अधिक वेळ लागला, त्यांच्यात हे प्रमाण विशेष होते. बाजारात मिळणारी धावपटूंची पेयेही यातून वाचवत नाहीत, कारण त्यांतही मुख्यतः पाणीच असते. नियम सोपा आहे: तहान लागेल तेव्हा प्यावे, तहान भागेल इतके प्यावे. शर्यतीनंतर डोकेदुखी, उलट्या, हातापायांवर सूज किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर पाणी पाजत बसू नये, रुग्णालय गाठावे.

तिसरा अनुभव एका तरुण अभियंत्याचा. शुक्रवारी त्याला ताप होता. 'सहा महिन्यांचा सराव वाया कसा घालवायचा' म्हणून शनिवारी रात्री आणि रविवारी पहाटे वेदनाशामक गोळी घेऊन तो धावला. सोमवारी आला तो लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला म्हणून. अतिश्रमाने स्नायू मोडले की त्यांतील रंगद्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांवर ताण पडतो. त्यात वेदनाशामकाने मूत्रपिंडांचा रक्तपुरवठाही कमी होतो. चार दिवस सलाइनवर राहून तो सुखरूप घरी आला. तापात धावू नये आणि धावण्यासाठी वेदनाशामक घेऊ नये, ही दोन वाक्ये त्याने आता स्वतःच्या हाताने लिहून आरशावर चिकटवली आहेत.

आता माझ्या चुकीकडे येतो.

शर्यतीच्या आधीच्या पंधरवड्यात माझ्याकडे तंदुरुस्तीच्या दाखल्यासाठी गर्दी होते. काही वर्षांपूर्वी अशाच एका रात्री, दवाखाना बंद करण्याच्या वेळी, ओळखीचे एक दुकानदार आले. वय अठ्ठेचाळीस, हसतमुख, व्यसन नाही. "डॉक्टर, एक सही हवी होती. आत येत नाही, तुम्ही दमला असाल." मी उभ्या उभ्या विचारले, "काही त्रास नाही ना?" ते म्हणाले, "छे, काही नाही." मी सही केली, शिक्का मारला. जेमतेम एक मिनिट लागले असेल.

रविवारी घाटाच्या एका वळणावर ते कठड्याला टेकून बसले. घाम, मळमळ, छातीत दडपण. शेकडो धावपटू शेजारून जात होते. थकून बसलेला माणूस तेथे नवलाचा नसतो. एक सत्तावीस वर्षांची मुलगी मात्र थांबली. तिने त्यांचा चेहरा पाहिला, त्यांना उठू दिले नाही, स्वयंसेवकाला हाक मारली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांचा हात धरून बसली. हृदयाच्या एका रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला. त्याच दिवशी स्टेंट बसला. ते वाचले.

मंगळवारी मी त्यांना भेटायला गेलो. त्यांच्या पत्नी शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, दीड महिना यांना चढावर छातीत जळजळायचं. थांबले की जायचं. ॲसिडिटी म्हणून सोडून दिलं. तुम्हाला सांगितलं नाही का यांनी?"

त्यांनी सांगितले नाही, हे खरे. पण मी विचारलेही नव्हते. 'काही त्रास नाही ना?' या वाक्याला प्रश्नचिन्ह असले तरी तो प्रश्न नव्हे. त्यात उत्तर आधीच भरलेले असते आणि समोरचा माणूस सौजन्याने तेच परत करतो. चढावर येणारी आणि थांबल्यावर जाणारी छातीतील कोणतीही तक्रार, मग ती जळजळ असो, दडपण असो वा आवळल्यासारखे वाटणे असो, अन्यथा सिद्ध होईपर्यंत हृदयाची मानावी, हे मी विद्यार्थिदशेत शिकलो होतो. ते त्या रात्री मला आठवायला एक खुर्ची आणि पाच मिनिटे पुरेशी होती. त्या दोहोंची मी काटकसर केली.

हे वाचून कुणी बूट माळ्यावर टाकू नयेत. अमेरिकेत 2000 ते 2010 या काळात अर्ध्या व पूर्ण मॅरेथॉन धावलेल्या सुमारे 1 कोटी 9 लाख सहभागींचा अभ्यास झाला. त्यांत हृदय बंद पडण्याचे प्रसंग 59 होते, म्हणजे साधारण 1 लाख 84 हजारांत एक. अर्धमॅरेथॉनमध्ये हा धोका पूर्ण मॅरेथॉनच्या सुमारे चौथाई होता. धावणे धोक्याचे नाही. शरीर देत असलेली सूचना दडपून धावणे धोक्याचे आहे. त्या 59 पैकी 42 जण दगावले, आणि जे वाचले त्यांच्या वाचण्यात जवळच्या माणसाने तत्काळ छाती दाबून दिलेल्या प्रथमोपचाराचा वाटा मोठा होता. घरातील एकाने तरी हा प्रथमोपचार शिकून घ्यावा, असा माझा आग्रह आहे.

त्या वर्षापासून मी उभ्याने सही करत नाही. समोरच्याला खुर्चीवर बसवतो आणि विचारतो: चढावर किंवा जिन्यावर छातीत, घशात, जबड्यात किंवा हातात काय होते? थांबल्यावर ते जाते का? व्यायाम करताना कधी भोवळ आली, शुद्ध हरपली? घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेले आहे का? गोळ्या कोणत्या चालू आहेत, विशेषतः मधुमेहाच्या? कारण काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्याची साखर धावताना धोकादायकरीत्या उतरू शकते. गेल्या दोन आठवड्यांत ताप आला होता का? आणि गेल्या तीन महिन्यांत एका दमात सर्वांत लांब किती धावलात? मग रक्तदाब, नाडी, हृदयाचे ठोके. गरज वाटली तर ईसीजी आणि पट्ट्यावर चालवून करण्याची तपासणी. स्वस्थ पडलेल्या माणसाचा साधा ईसीजी अडथळा असतानाही निर्दोष येऊ शकतो, हेही मी सांगतो. काही जण कंटाळतात. एक-दोघे रागावून दुसरीकडे सही घेऊन आले. चालायचेच.

वाचकहो, दाखला मिळो न मिळो, हे प्रश्न आपण घरीही एकमेकांना विचारू शकता. फक्त 'नाही ना' हे शब्द वगळून विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

ती थांबलेली मुलगी लहानपणापासून माझी रुग्ण. त्या सोमवारी ती काळे पडलेले नख दाखवायला आली. अडीच तासांच्या आत शर्यत संपवायची म्हणून तिने आठ महिने सराव केला होता. मी विचारले, "वाईट वाटलं का?" ती म्हणाली, "वाटलं ना, डॉक्टरकाका. पण वेळ पुढच्या वर्षीही लावता येईल." पुढच्या वर्षी तिने ती लावली. तरीही त्या रविवारी उशिरा संपलेली शर्यतच मला तिची मोठी शर्यत वाटते.

दुकानदार आता धावत नाहीत. हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने रोज पाऊण तास चालतात. शर्यतीच्या दिवशी रस्त्याकडेला उभे राहून धावपटूंना केळी देतात आणि कुणी छातीवर हात ठेवलेला दिसला की त्याला बळेच थांबवतात. गेल्या शर्यतीनंतरच्या सोमवारी ते रक्तदाब तपासायला आले. बाहेर पाठमोऱ्या उतरणाऱ्यांची रांग होती. आत येऊन ते स्वतःच खुर्चीवर बसले आणि मी तोंड उघडण्याआधी म्हणाले, "चढावर छातीत काही होत नाही. जबड्यात नाही, हातात नाही. परवा मात्र जिना चढताना जरा धाप लागली, ते सांगायला आलोय."

मी पेन खाली ठेवले आणि म्हणालो, "सांगा, नीट सांगा."